खेचरपुळणीवरचं शून्य

"हात लावू नकोस," लोर्ना म्हणाली. "आधी मला मोजू दे."

"मोजायचं काय त्यात? एक झुडूप आहे. उपट, पिशवीत टाक, चहाला चल."

"एक नाहीये, मर्व्ह. तुझ्या डाव्या बुटाच्या मागे बघ."

मर्व्हने मान वळवून बघितलं आणि पाय होता तिथेच ठेवला. त्याच्या टाचेमागे वीतभर उंचीची तीन निळसर हिरवी रोपं वाळूतून सरळ वर आली होती. पानं देठाला दाटीने चिकटलेली, टोकाशी पिवळट झुबका. वाऱ्याने बाकीचं गवत आडवं झालं होतं, ही रोपं मात्र ताठ उभी होती.

स्पर्ज. मोडलं की शेरासारखा पांढरा चीक निघतो, आणि तो डोळ्यात गेला तर दोन दिवस डोळा उघडत नाही. बी समुद्रात वर्षानुवर्षं तरंगतं आणि तरी मरत नाही. ग्रॅनबी बेटावर नऊ उन्हाळे काढलेल्या लोर्नाला हे तण पन्नास पावलांवरून ओळखता येत होतं, आणि आज ते तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होतं.

ती मोजत गेली. मोठं एक, मधली सहा, लहान अकरा. अठरा.

सकाळचे पावणेआठ झाले होते. बेटाची देखभाल करणाऱ्या खात्याची बोट अकराला यायची होती.

दोघं नवराबायको तिथे आले होते ते खुंट्या उपटायला. पुळणीच्या वरच्या अंगाला, तीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद अशा तुकड्याला त्यांनी पिवळी दोरी बांधली होती, कारण तिथे काळटोप्या चिखल्यांची एक जोडी अंडी घालत असे. हे पक्षी घरटं बांधत नाहीत. वाळूत पोटाने खळगा करतात आणि त्यात वाळूच्याच रंगाची अंडी ठेवून देतात, मग कुणाच्याही पायाखाली ती जाऊ शकतात. म्हणून दोरी, आणि दोरीवर पाटी: पक्ष्यांची वीण चालू आहे, आत येऊ नये. बेटावर ती पाटी वाचणारी माणसं दोन होती, आणि पाटी लावणारीही तीच. गेल्या आठवड्यात मोठ्या भरतीने शेवटची अंडी नेली आणि पक्षी पलीकडच्या पुळणीवर गेले. आज पाहुणे येणार, म्हणून दोरी काढायची होती.

"अकरा हजारांतली अठरा," मर्व्ह म्हणाला. "टॅम्सिन येणार, फोटो काढणार, केक कापणार, जाणार. दुपारी आपण येऊ आणि हे सगळं उपटू. कुणाचं काय बिघडलं?"

"बोंडं बघ."

"बघितली."

"काय दिसलं?"

"बोंडं दिसली, बाई. मी नळजोडणी करायचो, मला बोंडांतलं काय कळतं?"

"फुटलेली आहेत. बी पडून गेलंय." लोर्नाने मोठ्या झुडपाच्या बुंध्याशी बोट नेलं, पण टेकवलं नाही. "ह्या हिरव्या काड्या यंदाच्या. ह्या पिवळ्या पडलेल्या गेल्या वर्षीच्या. आणि ह्या राखाडी, हात लावला तर तुटतील अशा, त्या त्याच्या आधीच्या. म्हणजे गेली दोन वर्षं मी शून्य लिहिलं तेव्हा हे इथेच होतं. दोन्ही वेळा."

"तुला दिसलं नाही. दिसलं नाही तर शून्यच लिहिणार ना?"

"मी बघितलंच नव्हतं. दोरी होती."

"तेच ते."

"तेच ते नाही."

मर्व्हने पाय अलगद उचलून रोपांपासून दूर ठेवला. "तेव्हा मी म्हटलं होतं ना, एकदा आत जाऊन बघू?"

"नव्हतास म्हणाला. तू म्हणालास, जाऊ दे, उगाच त्रास."

"मी माझ्या गुडघ्यांबद्दल बोलत होतो."

लोर्ना हसली नाही. एरवी हसली असती.

खेचरपुळण बाराशे मीटर लांब आहे. दीपगृहाच्या काळात रॉकेलचे डबे डोंगरावर चढवण्यासाठी एक खेचर इथे उतरवलं होतं, त्यावरून नाव पडलं. नऊ वर्षांपूर्वी हे दोघं पहिल्यांदा आले, तेव्हा पुळणीच्या वरच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती, सगळं स्पर्ज. पहिल्या उन्हाळ्यात तण उपटणाऱ्यांच्या टोळीसह त्यांनी अकरा हजार चारशे झाडं काढली. दुसऱ्या उन्हाळ्यात एकवीसशे. मग तीनशे सहा. मग एकोणीस. मग शून्य. त्यानंतर खात्याने लोर्नाला विचारलं होतं, दर उन्हाळ्याचे तीन महिने तुम्ही दोघांनीच यावं का, म्हणजे मोजणारी नजर तीच राहील. सलग पाच वर्षं शून्य आलं तर पुळण तणमुक्त धरायची आणि टोळी पश्चिमेच्या खाड्यांकडे वळवायची, असा नियम होता. पश्चिमेला अजून झाडावर झाड होतं. टोळी एकच होती.

चार शून्यं झाली होती. आजचं पाचवं.

लोर्नाने एकोणतीस वर्षं डेव्हनपोर्टजवळच्या एका कारखान्यात बटाट्याचे काप तपासले होते. समोरून पट्टा जायचा, त्यावर कापांचा थर, आणि त्यातला काळा डाग असलेला काप दोन सेकंदांत उचलायचा. बाकीच्या बायकांना तासाभराने चक्कर यायची, तिला कधी आली नाही. निवृत्त झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती नजर बंद होत नाही. टेबलावरचा कपडा, दुकानातली फरशी, दुसऱ्याच्या कोटाची पाठ, जे समोर येईल त्यात ती डाग शोधत बसे. बेटाची राखण करायला स्वयंसेवक हवेत ही जाहिरात मर्व्हने वाचून दाखवली. अर्जात ‘विशेष कौशल्य’ अशी ओळ होती. मर्व्हने ‘पाइप, पंप, टाक्या’ लिहिलं. लोर्नाने ‘बघणं’ लिहिलं, मग ते खोडून ‘काही नाही’ लिहिलं.

खुंट्या तशाच ठेवून दोघं वर घरी आले. आठच्या रेडिओची वेळ होती.

"ग्रॅनबी, ग्रॅनबी," टॅम्सिनचा आवाज खरखरत आला. ती खात्यातली वनस्पतिशास्त्राची तरुण अधिकारी. चार वर्षं लोर्नाचे आकडे तिच्याकडेच जात होते. "आम्ही निघालो. ‘तणमुक्त’चा बोर्ड आणलाय, लोर्ना. हिरव्यावर पांढरी अक्षरं. बघशीलच. नेव्ह म्हणतो, दुपारनंतर वारा वाढणार, दोनच तास मिळतील. ऐकतेयस ना?"

लोर्नाने बटण दाबलं. बेटाभोवतीच्या सामुद्रधुनीतल्या एकूण एक मासेमारी बोटीवर याच वेळी हीच वाहिनी चालू असते. हवामान झालं की लोक इतरांच्या गप्पा ऐकत चहा पितात.

"ऐकतेय," ती म्हणाली. "या."

मर्व्हने टोस्टवर व्हेजिमाइटचा काळा, खारट लेप लावून तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत सरकवला आणि खात्याची टॅबलेट उघडली.

पूर्वी वही होती. पुळणीचे पन्नास पन्नास मीटरचे चोवीस तुकडे, प्रत्येकापुढे एक चौकट. वहीत तिने कितीदा तरी नुसती रेघ मारली होती, भरतीमुळे गेलो नाही, लाटा मोठ्या होत्या, अशी. वहीला त्याचं काही वाटत नसे. सातव्या वर्षी टॅबलेट आली, आणि त्याच उन्हाळ्यात दोरी. सतराव्या तुकड्यात तिने दोरीबाहेरचा भाग तपासला, तिथे काही नव्हतं. पण आतला भाग राहिला म्हणून चौकटीत रेघ दिली, तर लाल अक्षरं आली: योग्य संख्या भरा. चौकट रिकामी ठेवली, तर पुढचं पान उघडेना. तेव्हा तिने रेडिओवर खात्याला विचारलं होतं. पलीकडे जो कुणी होता तो म्हणाला, "शून्य टाक गं, पुढचं पुढे बघू."

तिने शून्य टाकलं. त्याबद्दल तिला एवढं काही वाटत नव्हतं. तिने विचारलं तरी होतं.

पुढच्या वर्षी तिने विचारलं नाही. सतराव्या तुकड्याशी आली, शून्य टाकलं आणि अठराव्यावर गेली. दोन सेकंदसुद्धा लागले नसतील.

"खाऊन घे," मर्व्ह म्हणाला. "उपाशीपोटी कबुलीजबाब देऊ नये."

"मी कबुलीजबाब वगैरे देत नाहीये."

"मग काय देतेयस?"

"आकडा," ती म्हणाली.

बोट धक्क्याला लागली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. बेटावर उतरणारा प्रत्येकजण आधी धक्क्यावरच्या बाकावर बसतो, बूट काढतो, बाहेरचं बी येऊ नये म्हणून त्यांचे तळ ब्रशने घासतो आणि मोजे उलटे करून झटकतो. टॅम्सिन एक बूट हातात धरून बोलत होती, थांबत नव्हती.

"संचालकांनी काल होकार दिला. पुढच्या नोव्हेंबरात टोळी पश्चिमेला. नऊ वर्षांनी, लोर्ना. मी बैठकीत तुझा तक्ता पडद्यावर लावला, चार शून्यं एकाखाली एक, आणि कुणी एक प्रश्न विचारला नाही. तिथे सगळे म्हणतात, लोर्नाने शून्य म्हटलं म्हणजे शून्य."

"टॅम्सिन."

"आणि केक तुझ्या बहिणीने पाठवलाय. पॅशनफ्रूट. नेव्हने त्यावर दोर ठेवला, म्हणून जरा बसलाय."

"मी ठेवला नाही, तो घसरला," बोट चालवणारा नेव्ह म्हणाला.

"आधी पुळणीवर चल," लोर्ना म्हणाली.

"केक खाऊ, मग जाऊ ना सगळे. फोटो तिथेच काढायचाय."

"नाही. तू आणि मी. आत्ता."

टॅम्सिनने तिच्याकडे, मग मर्व्हकडे बघितलं. मर्व्ह केकच्या डब्याची दोरी सोडवण्यात गुंतला होता, किंवा तसं दाखवत होता.

दोरीशी आल्यावर लोर्नाने दोरी उचलून धरली आणि टॅम्सिन वाकून आत गेली. मग ती गुडघ्यांवर बसली. मोठ्या झुडपाच्या काड्या तिने एकेक करून बाजूला केल्या, राखाडीपर्यंत पोचली आणि थांबली. तिला सांगायची गरज नव्हती.

"दोरी कधी लावलीत?"

"तीन उन्हाळे झाले."

"आणि आत?"

"गेलेच नाही. पक्षी होते."

"पण सतरामध्ये शून्य आहे."

"आहे. मी लिहिलंय."

वाऱ्याने टॅम्सिनच्या जाकिटाची टोपी फडफडत होती, तिने ती मागे सारली, ती परत आली, तिने परत सारली. "मला आधी का नाही सांगितलंस? निघायच्या आत? मी बोर्ड रंगवून घेतलाय, लोर्ना."

"आज पावणेआठला कळलं."

"रेडिओवर होतीस ना आठला."

"अख्ख्या सामुद्रधुनीला ऐकवू?"

"हो. ऐकवायचं होतंस." ती उठली आणि चार पावलं चालून परत आली. "माझ्या अहवालात तो तक्ता आहे. माझ्या नावाने. पश्चिमेची सगळी आखणी त्यावर उभी आहे. आता मी जाऊन काय सांगू, की ज्या जागेवर कुणी गेलंच नाही तिथलं शून्य आम्ही दोनदा धरलं?"

"तेच सांग."

"तुला सोपं वाटतंय."

"मला सोपं वाटत नाहीये," लोर्ना म्हणाली. "मला संताप आलाय. पण तो तुझ्यावर काढून काय करू?"

टॅम्सिनने नाक पुसलं. वारा थंड होता. "ठीक आहे. यंदा अठरा लिहू. शून्याची मोजणी पहिल्यापासून. टोळी आणखी पाच वर्षं इथेच."

"आणि मागची दोन?"

"मागची काय?"

"ती शून्यं काढ. तिथे काहीच नको. रिकामं."

"नाही निघणार. वर्ष संपलं की त्याला कुलूप लागतं."

"मग कुलूप काढ."

"माझ्या हातात नाही."

"कुणाच्या हातात आहे?"

"कुणाच्याच नाही. मुद्दाम तसं केलंय, कुणी मागाहून आकडे बदलू नयेत म्हणून."

लोर्नाने तिच्याकडे असं बघितलं की टॅम्सिनने नजर दुसरीकडे वळवली. "मी बदलायला सांगत नाहीये," लोर्ना म्हणाली. "तो आकडाच नव्हता. जे नव्हतंच ते काढायला सांगतेय."

"मला कळतंय गं. यंत्राला कळत नाही." मग ती म्हणाली, "शेरा लिहिता येईल. यंदाच्या पानावर. दोनशे अक्षरं."

शेरा स्वयंपाकघरात लिहिला गेला. मर्व्हने केकचे तुकडे केले होते आणि स्वतः दोन खाल्ले होते. टॅम्सिन टॅबलेट घेऊन बसली, लोर्ना खिडकीशी उभी राहिली. खालच्या गवतावर वॉलबी, लहान कांगारू, चरत होते.

"लिही," मर्व्ह म्हणाला. "‘गाढवपणा झाला.’ खूप जागा उरेल."

"सतरावा तुकडा," लोर्ना म्हणाली. "सातवं आणि आठवं वर्ष. दोरीच्या आतली तीस गुणिले वीस पावलं तपासलेली नाहीत. तिथलं शून्य धरू नये. चूक माझी. लोर्ना हॅझलवुड."

टॅम्सिन लिहीत होती. "‘चूक माझी’ नको. त्याची गरज नाही. चौकटच रिकामी घेत नव्हती तर तू काय करणार?"

"जागा आहे का?"

"आहे."

"मग राहू दे."

टॅम्सिनने पाठवायचं बटण दाबलं. सिग्नल नव्हता. तिने टॅबलेट खिडकीशी धरली, मग दाराशी, मग खुर्चीवर उभी राहिली. "बोटीवरून जाईल," ती म्हणाली, आणि खुर्चीवरून उतरताना म्हणाली, "आणखी एक आहे. तुला कुणी सांगायच्या आत मीच सांगते. पुढच्या उन्हाळ्यात मोजणीला दुसरी जोडी घाला, असं म्हणतील. नवीन नजर हवी म्हणून. तुम्ही दोघं हिवाळ्यात या. टाक्या आहेत, गवत कापायचं असतं."

"हिवाळ्यात इथे माणसं राहतात?" मर्व्ह म्हणाला. "मला वाटायचं, नुसती गवतावरची बदकं राहतात."

"बरोबर आहे," लोर्ना म्हणाली.

"बदकांचं?"

"नवीन नजरेचं."

कारखान्यात ज्या बाईच्या हातून सलग दोन डाग सुटत, तिला महिनाभर पट्ट्यावरून काढून खोके बांधायला बसवत. शेवटच्या काही वर्षांत हे ठरवण्याचं काम लोर्नाकडे होतं. तिने चौघींना पाठवलं होतं. त्यातली एक, बेरिल, रडली होती, आणि लोर्नाने तिला सांगितलं होतं की यात रडण्यासारखं काही नाही. आता तिला वाटलं, बेरिलला निदान तेवढं तरी बोलायला नको होतं.

एकला नेव्हने भोंगा वाजवला. बोर्ड गुंडाळलेलाच होता, तसाच बोटीवर परत गेला. टॅम्सिनने धक्क्यावर लोर्नाला मिठी मारली, जरा घाईघाईने, आणि बोट निघाल्यावर दोन्ही हात तोंडाशी धरून काहीतरी ओरडली. वाऱ्याने ते ऐकू आलं नाही.

त्यांच्या मुक्कामाचे चार दिवस उरले होते.

अठरा झाडं त्या दुपारीच निघाली. स्पर्जचं मूळ सरळ खाली कोपरापर्यंत जातं, अर्धवट तुटलं तर परत फुटतं, म्हणून हाताने वाळू उकरत जायचं. पण खरा प्रश्न झाडांचा नव्हता. दोन वर्षांचं बी वाळूत होतं. नवी रोपं नखाएवढी असतात, दोन पानांची, आणि उभं राहून दिसत नाहीत. मर्व्हने जुन्या पाण्याच्या नळीचे तुकडे जोडून एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट करून दिली. ती वाळूवर ठेवायची, गुडघ्यांवर बसायचं, गाल जवळजवळ वाळूला टेकवायचा आणि प्रकाशाकडे तोंड करून बघायचं. चमच्याने वरची वाळू हळूच सारायची, परत बघायचं. एका चौकोनाला अकरा मिनिटं लागत होती. असे तीनशे चौऱ्याऐंशी चौकोन होते.

"म्हणजे सत्तर तास," मर्व्ह म्हणाला. "मी जेवणं आणि माझे गुडघे धरलेले नाहीत."

"तू मोठी मुळं बघ. हे मी करते."

"एकोणतीस वर्षं पट्टा तुझ्यासमोरून जायचा. आता तूच पट्ट्यावरून चाललीस."

पहिल्या दिवशी तिने चाळीस चौकोन केले, एक्याऐंशी रोपं. दुसऱ्या दिवशी मर्व्हही उशी घेऊन शेजारी आला, दुसरी चौकट करून. तो दर पाच मिनिटांनी कण्हत होता आणि दर दहा मिनिटांनी तिला दाखवत होता, "हे आहे का? आणि हे?" बहुतेक वेळा ते नसायचं. दोघांचे मिळून बाहत्तर झाले.

तिसऱ्या सकाळी ते आले तेव्हा काल तपासलेल्या भागाचा खालचा निम्मा दिसत नव्हता. वाऱ्याने त्यावर बोटभर जाडीची नवी वाळू आणून टाकली होती, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. लोर्नाने चिमूटभर वाळू उचलून बोटांत चोळली.

"ही कुठली वाळू?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"इथलीच, पलीकडच्या चौकोनांतून उडालेली, की बाहेरची? पलीकडची असेल तर त्यात बी असेल. मग हे तपासलेलं धरायचं की न तपासलेलं?"

"मला विचारू नकोस, लोर्न."

"मग कुणाला विचारू?"

तिने हातातला चमचा फेकला. तो गवतात कुठेतरी गेला. तिने असं काही फेकलेलं मर्व्हने बेचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने थर्मासमधून चहा ओतला आणि कप वाळूत नीट टेकवून ठेवला. लोर्ना गवतात जाऊन चमचा शोधायला लागली. तिला तो बराच वेळ सापडला नाही. मर्व्हला तो बसल्या जागेवरून दिसत होता, चकाकत होता. त्याने थोडा वेळ वाट बघितली.

"डावीकडे," तो शेवटी म्हणाला. "आणखी डावीकडे. पायाशी."

तिने चमचा उचलला, पँटला पुसला आणि येऊन बसली. "ती वाळू न तपासलेली धरू," ती म्हणाली. "परत करू."

त्या दिवशी नवीन एकही चौकोन झाला नाही.

ती पहाटे लिहायला बसे. नंतर राखणीला येणाऱ्या जोडीसाठी तिने चार पानं लिहिली: कुठून सुरू केलं, चौकट कशी ठेवायची, उन्हाची बाजू कोणती, कुठले चौकोन दोनदा केले आणि का. मर्व्हने ती वाचली आणि म्हणाला की घाबरून परत जातील. तिने एक ओळ वाढवली: ‘घाई नाही. न झालेलं रिकामं ठेवा.’ मग ती ओळ कुणाला उद्देशून आहे असा तिलाच प्रश्न पडला, पण तिने ती खोडली नाही.

चौथा दिवस चांगला गेला. वारा पडला होता. अठ्ठ्याऐंशी चौकोन, चौपन्न रोपं.

निघायच्या दिवशी बोट नऊला येणार होती, नवी जोडी घेऊन. मर्व्ह सहापासून सामान धक्क्यावर नेत होता. लोर्ना उजाडताच पुळणीवर आली होती. एकूण दोनशे चौकोन झाले होते, तिने आणखी अकरा केले. मागे तपासलेली वाळू, पुढे एकशे त्र्याहत्तर चौकोन. वरून बघितलं तर दोन्हींत काही फरक नव्हता.

पहिला भोंगा झाला तेव्हा तिने घड्याळ बघितलं, आणि बाराव्या चौकोनावर चौकट ठेवली. गुडघे टेकले. मग हिशोब केला: धक्का गाठायला सात मिनिटं, बूट घासायला पाच, नव्या बाईला चार पानांतलं निदान एक समजावायला हवं. अकरा मिनिटं नव्हती. सहा होती.

सहा मिनिटांत अर्धा चौकोन झाला असता. तिने थोडा वेळ चौकटीतल्या वाळूकडे बघितलं, हात न लावता. मग चौकट उचलून खांद्याला अडकवली आणि उठली.

धक्क्याकडे जायची सरळ वाट उरलेल्या चौकोनांवरून जात होती; त्यांच्यावर तीसेक पावलं पडली असती. पलीकडे मर्व्ह धक्क्याच्या टोकाला उभा राहून दोन्ही हात हलवत होता, लवकर ये म्हणून. त्याच्या शेजारी दोन अनोळखी माणसं बाकावर बसून बूट घासत होती.

लोर्ना उलट दिशेने वळली. तपासलेल्या भागावरून, आपल्याच पावलांच्या खुणांवरून ती मागे गेली, तिथून खाली ओल्या वाळूपर्यंत उतरली आणि पाण्याच्या कडेने लांबचा वळसा घेतला. भोंगा परत वाजला. तिने पावलं मोठी केली, पण वळसा कमी केला नाही.